थिबा राजा : ऐकलेला आणि पाहिलेला

एप्रिल १८८६मध्ये इंग्रजांनी पदच्युत केलेला ब्रह्मदेशाचा राजा थिबा रत्नागिरीत आला, तेव्हा तो कसा आहे हे इंग्रजी वर्तमानपत्रांनी आधीच ठरवून टाकलं होतं: दारुडा, क्रूर, नालायक. १८७९मध्ये मंडालेच्या राजवाड्यात राजघराण्यातल्या कितीतरी नातलगांची कत्तल झाली, हे खरंच. पण गादीवर येण्याआधी हाच तरुण मठात राहून पाली धर्मग्रंथांची परीक्षा उत्तीर्ण झाला होता, हेही तितकंच खरं. मुलूख गिळायचा, तर त्याचा धनी राक्षस असणं सोयीचं असतं.

रत्नागिरीला तेव्हा रेल्वे नव्हती. पावसाळ्यात बोटीही बंद. कैदी ठेवायला आमचं गाव सरकारला सोयीचं वाटलं. पण इथल्या लोकांना राजा बातमीतून नव्हे, व्यवहारातून कळला. सणासमारंभाला तो सढळ हाताने वाटायचा. पेन्शन पुरेना, तेव्हा त्याने माणकं-हिरे विकले. १९१०मध्ये भाट्याच्या खाडीवरच्या टेकडीवर त्याचा जांभ्या दगडाचा वाडा उभा राहिला आणि डिसेंबर १९१६मध्ये त्याच वाड्यात तो वारला. तीस वर्षांत तो गावाचा ‘थिबा राजा’ झाला होता.

तरीही राजा आणि रयत यांच्यात पहारा होताच. तो ओलांडला थोरल्या राजकन्येने. राजाकडे नोकरीला असलेल्या गोपाळ सावंतांशी तिचं नातं जुळलं. ते ना राजघराण्याला रुचलं ना सरकारला. १९१९मध्ये कुटुंब ब्रह्मदेशी परतलं, पण ती पुन्हा रत्नागिरीत आली आणि १९४७मध्ये इथेच वारली. तिची मुलगी टुटू पवारांच्या घरात सून म्हणून गेली, गरिबीत संसार केला, मराठी बोलली आणि २००० साली गेली. तिला कुणी परकी म्हणावं?

मी शाळेत इतिहास शिकवते. मुलांना थिबा पॅलेसला नेते, तेव्हा त्यांना तीन प्रश्न विचारते: या माणसाबद्दल हे पहिल्यांदा कोणी सांगितलं? त्यात सांगणाऱ्याचा काय फायदा होता? आणि त्याच्या शेजारी राहिलेल्यांनी काय पाहिलं? गावात नव्या आलेल्या कुठल्याही माणसाबद्दल मत बनवण्याआधी हे तीन प्रश्न त्यांनी स्वतःला विचारावेत, एवढ्यासाठी मला हा इतिहास शिकवायचा असतो.