सांडवा आणि राखणदार

1624 साली मोगल आणि आदिलशाहीच्या एकत्र फौजा निजामशाहीच्या मलिक अंबरावर चालून आल्या, तेव्हा त्याने नगरजवळच्या भातोडी तलावाचा बांध फोडला. सलाबतखान या निजामशाही वजिराचे नाव ज्याच्याशी जोडले जाते, तोच हा तलाव. पाणी रानात पसरले, चिखल झाला आणि शत्रूची घोडी व रसद रुतून बसली. अंबराच्या बाजूने लढणाऱ्या शहाजीराजांचे धाकटे बंधू शरीफजी याच लढाईत पडले. इतिहासाच्या पुस्तकांत भातोडी येते ती अंबराच्या युद्धकौशल्याची कथा म्हणून. पाण्याच्या इतिहासाला मात्र तिच्यात दुसरी गोष्ट दिसते. गावाशेजारी वर्षानुवर्षे निमूट उभ्या असलेल्या मातीच्या बांधाआड फौज थोपवण्याइतके बळ साठलेले असते, हे त्या काळच्या माणसाला नेमके ठाऊक होते. आज नगर जिल्ह्यात गावोगाव पाझर तलाव आणि नालाबांध आहेत; ते किती पाणी धरतात याची चर्चा होते, पण ते पाणी सोडतात कसे याची होत नाही. माझे म्हणणे असे की लहान तलावाची सुरक्षितता त्याच्या आकारावर ठरत नाही. ती दोन गोष्टींवर ठरते: सांडवा मोकळा आहे का, आणि बांधाला राखणदार आहे का. या जिल्ह्यात तलाव ज्या रीतीने बांधले गेले, त्या रीतीतच दुसऱ्या गोष्टीचा विसर पडला.

ही रीत दुष्काळाने घडवली. सह्याद्रीच्या माथ्यावर अकोले तालुक्यात धो धो पाऊस पडतो, पण पूर्वेला उतरले की पर्जन्यछाया सुरू होते आणि वर्षाचा पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. तोही मोजक्या दिवसांत, बऱ्याचदा परतीच्या पावसाच्या दोन-तीन सरींत. त्यामुळे पाणी अडवण्याची ओढ इथे जुनीच आहे. ब्रिटिश काळात तिला दुष्काळी कामांची जोड मिळाली. उपाशी माणसाच्या हाताला काम द्यायचे तर जागेवरची माती उचलून जागेवरच टाकता येईल असे काम हवे, आणि मातीचा बांध त्याला सर्वांत सोयीचा. श्रीगोंद्याजवळ हंगा नदीवर 1927 मध्ये पूर्ण झालेला विसापूरचा तलाव त्या काळातला. पुढे 1972 च्या दुष्काळात राज्यभर हेच मोठ्या प्रमाणावर घडले. मे 1973 च्या सुमारास सुमारे 50 लाख माणसे सरकारी कामांवर होती. खडी फोडणे, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव अशी ती कामे. रोजगार हमी योजना याच अनुभवातून उभी राहिली. या कामांनी माणसे जगवली, हे त्यांचे पुण्य कोणी हिरावून घेऊ शकत नाही. पण त्यांचा हिशेब किती हातांना काम मिळाले यावर मांडला जाई. पाऊस पडला, मजूर शेताकडे परतले, हजेरीपट बंद झाला की काम संपले. बांधाचे आयुष्य खरे तर त्याच दिवशी सुरू होत होते, आणि त्याची नोंद ठेवणारे गावात कोणीच उरले नव्हते.

याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीची गोष्ट इथे महत्त्वाची ठरते. तिथला पाझर तलाव दुष्काळी कामातूनच झाला होता, पण बांधातून गळती असल्यामुळे त्यात पाणी टिकत नसे. 1975 नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने गावाने श्रमदान करून तो दुरुस्त केला, आणि खालच्या अंगाच्या सात विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहिले. ही कथा बहुधा जलसंधारणाचे यश म्हणून सांगितली जाते. मला ती राखणीची कथा वाटते. नवा तलाव न बांधता आहे तोच कसा वागतो हे गावाने पाहिले, दोष कुठे आहे ते ओळखले आणि तो काढला.

यावर सर्वांत आधी येणारा आक्षेप असा की पाझर तलाव पाझरण्यासाठीच असतो, मग गळतीची एवढी चिंता कशाला? पण पाझर आणि गळती या वेगळ्या गोष्टी आहेत. तलावाच्या तळातून भेगाळलेल्या खडकात मुरणारे पाणी विहिरींना मिळते. तेच तलावाचे काम. बांधाच्या अंगातून किंवा पायाखालून वाट काढणारे पाणी वेगळे. चांगल्या बांधाच्या पोटात पाणी रोखणाऱ्या काळ्या मातीचा दाबून भरलेला गाभा असतो आणि बाहेरून त्याला मुरमाचे आवरण असते. भरावाच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी नितळ आणि बेताचे असेल तर त्यावर नजर ठेवावी; ते गढूळ झाले किंवा अचानक वाढले, तर बांधाच्या आतली माती वाहून जात आहे असे समजावे. आत नळी तयार होते, ती रुंदावते आणि काही तासांत बांध खचू शकतो. उंदीर-घुशींची बिळे, खेकड्यांची भोके, भरावावर वाढलेल्या बाभळीची कुजलेली मुळे या नळीला आयती वाट देतात. उन्हाळाभर कोरड्या राहिलेल्या तलावात तर काळी माती भेगाळते आणि एका रात्रीच्या पावसाने तलाव एकदम भरतो. म्हणून बहुतेक वर्ष कोरडा असणे ही सुरक्षिततेची हमी नव्हे.

दुसरा धोका सांडव्याचा. जोराच्या पावसाचे पाणी तलाव काही काळ धरून ठेवतो, म्हणून नाल्याला एकदम लोंढा येत नाही. खालच्या शेताला आणि वस्तीला त्याचा आधार असतो. पण हा आधार तलाव रिकामा असेपर्यंतच. सप्टेंबरात काठोकाठ भरलेल्या तलावाला नव्या पुरासाठी फारशी जागा उरत नाही, आणि येईल ते पाणी सांडव्यातूनच गेले पाहिजे. भरावाचा माथा सांडव्यापेक्षा उंच ठेवतात तो याचसाठी. थोडे जास्त पाणी साठावे म्हणून सांडव्यावर माती-गोणी रचली किंवा त्याच्या तोंडाशी झुडपे वाढू दिली, की ती उंची खाल्ली जाते. पाणी माथ्यावरून वाहू लागले की मातीचा बांध फार वेळ तग धरत नाही. अमेरिकेत 31 मे 1889 रोजी जॉन्सटाउन शहराच्या वर असलेले धरण फुटले आणि दोन हजारांवर माणसे गेली. तिथे धरणाचा माथा खाली आणलेला होता आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यात जाळ्या बसवल्या होत्या. त्यांत ओंडके अडकले. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळ्यात फळ्या काढून पूर जाऊ देतात आणि पाऊस सरताना त्या पुन्हा बसवतात, त्यामागेही पुराची वाट मोकळी ठेवण्याचेच शहाणपण आहे.

असेही म्हटले जाते की लहान तलाव फुटला तर किती नुकसान होणार? त्याचे उत्तर कोकणाने दिले आहे. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि खालच्या वस्तीतली वीसहून अधिक माणसे गेली. पानशेतसारख्या मोठ्या धरणाच्या तुलनेत ते किरकोळ होते, आणि गावकऱ्यांनी गळतीकडे आधीच लक्ष वेधले होते. शिवाय एकाच नाल्यावर माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांध असतील, तर वरचा फुटला की त्याचे पाणी खालच्यावर आदळते. तरी 2021 चा धरण सुरक्षा कायदा मुख्यतः 15 मीटरहून उंच धरणांना लागू होतो. 10 ते 15 मीटर उंचीची धरणे काही अटींवर त्यात येतात आणि त्याखालची सुटतात. मोठ्या धरणांना अभियंते आहेत. भंडारदऱ्याला 1969 मध्ये तडे दिसल्यावर ते बळकट करण्यात आले. लहान तलावाची जबाबदारी जिल्हा परिषद, जलसंधारण खाते आणि ग्रामपंचायत यांच्यात वाटली जाते, आणि वाटलेली जबाबदारी सहज कुणाचीच उरत नाही.

शेवटचा आक्षेप पैशाचा आहे आणि तो खरा आहे. इतक्या तलावांवर अभियंते नेमणे कोणालाही परवडणार नाही. पण राखणीतला मोठा भाग नजरेचा आहे. मे महिन्यात सांडवा साफ करणे, भरावावरची झाडे मोठी होण्याआधी काढणे, बिळे बुजवणे, गाळ किंवा मुरूम काढताना बांधाच्या पायथ्याला हात न लावणे, पहिल्या मोठ्या पावसानंतर भरावाच्या खालच्या बाजूने फिरून पाणी नितळ आहे की गढूळ ते पाहणे, आणि गढूळ दिसले तर कोणाला फोन करायचा व खालच्या वस्तीला कोणत्या वाटेने हलवायचे हे आधी ठरवणे, यासाठी फार पैसा लागत नाही. दुरुस्तीला अभियंता लागतोच, पण त्याला वेळेवर बोलावणारा माणूस गावातच असावा लागतो. ग्रामसभेत दरवर्षी तलावात किती पाणी साठले ते सांगितले जाते. त्याच्या शेजारी सांडवा आणि पायथा कोणी, कोणत्या तारखेला पाहिला, हेही लिहिले जावे. हजेरीपट बंद झाला त्या दिवशी जी नोंद सुटली होती, ती तिथून पुन्हा सुरू होईल.