रावपुऱ्याची मतदारयादी

नवापूरच्या रेल्वे फलाटावर एक पाय महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत ठेवून उभे राहता येते. आपल्याकडच्या पोरांचा तो आवडता खेळ. तेथून सुरतेकडे निघालेली गाडी पुढे सोनगडला लागते. पिलाजीराव गायकवाडांचे मूळ ठाणे ते हेच. म्हणजे बडोद्याच्या मराठी राज्याची पहिली पायरी आपल्या उंबरठ्याला लागून आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानीमनीही नसते. पुढे गायकवाडांची राजधानी बडोद्यास गेली. त्यांच्या मागोमाग शिलेदार, कारकून, शास्त्री, वैद्य, गवई असा सारा लवाजमा गेला आणि तिथलाच झाला. रावपुरा आणि दांडिया बाजार हे त्या वस्तीचे ठळक पत्ते.

माझी मावशी दांडिया बाजारात दिलेली. सुट्टीत आम्ही तिच्याकडे जायचो. सकाळी सुरसागराला फेरी, येताना रावपुऱ्यातल्या चिमणाबाई टॉवरच्या घड्याळाकडे बघायचे, हा क्रम ठरलेला. पुढे मी शिक्षक झालो. निवडणुकीच्या कामामुळे मतदारयादी वाचण्याची खोड लागली, ती आजतागायत सुटलेली नाही. एकदा मावशीच्या घरी कोणी कार्यकर्त्याने ठेवलेली प्रभागाची यादी हाती आली. लिपी गुजराती. जोशी, शिंदे, पवार, मग शहा, पटेल, पुन्हा मोरे. मावशीच्या नावाला यादीने ‘बेन’ जोडून टाकले होते. तिला त्याचे काही वाटत नव्हते. मला मात्र वाटले, आणि तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळत राहिला. एवढी जुनी, एवढी शिकलेली ही मराठी वस्ती. तिने मराठी म्हणून मत का मागितले नाही, आणि मराठी म्हणून दिलेही का नाही?

बेळगावात महाराष्ट्र एकीकरण समिती उभी राहिली, तिने आमदार निवडून आणले. बडोद्यात तसे काही घडले नाही. एक कारण उघड आहे. बेळगावचा वाद जमिनीचा होता. बडोदे गुजरातच्या पोटात वसलेले, तेथे सीमेचा प्रश्नच नव्हता. परंतु मला दुसरे कारण अधिक वजनदार वाटते. अल्पसंख्याकाला मागावे लागते, आणि बडोद्याच्या मराठी माणसाला मागण्याची सवयच नव्हती. सयाजीरावांच्या राज्यात प्रजा बहुतांशी गुजराती. महाराजांनी गुजरातीला कारभारात मान दिला, मराठी शाळाही चालवल्या. 1909, 1921 आणि 1934 अशी तीन मराठी साहित्य संमेलने त्या नगरीत भरली. 1 मे 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर अकरा वर्षे आपण आणि बडोदेकर एकाच राज्याचे नागरिक होतो. 1 मे 1960 ला रेघ ओढली गेली आणि काल राज्यकर्त्यांची असलेली भाषा शेजाऱ्याची झाली. शेजाऱ्याशी भांडण नव्हतेच, मग पक्ष कशाला काढायचा?

शिवाय राजघराणे स्वतःच काँग्रेसच्या चिन्हावर उभे राहिले. फत्तेसिंहराव 1957 साली लोकसभेवर गेले, 1980 आणि 1984 ला रणजितसिंह. राजाला मत म्हणजे मराठीला मत, असे जुन्या मंडळींनी मनोमन धरले असेल. 1991 साली दूरदर्शनवरील ‘रामायणा’तल्या सीतेने, दीपिका चिखलिया यांनी, भाजपतर्फे ती जागा जिंकली. पराभूत उमेदवार रणजितसिंह होते. सीतामाई आणि महाराज यांत निवड करण्याची पाळी रावपुऱ्यातल्या आजीबाईंवर आली, हा योग एखाद्या नाटककाराला सुचला नसता!

त्यानंतरचे आकडे बोलके आहेत. 1996 ला सत्यजितसिंह गायकवाड काँग्रेसतर्फे अवघ्या 17 मतांनी निवडून आले. 2014 साली त्याच मतदारसंघात नरेंद्र मोदींचे मताधिक्य 5,70,128 होते. पहिल्या निकालात एक वाडा पारडे फिरवू शकत होता. दुसऱ्यात अख्खी पेठ घरी बसली असती तरी फरक पडला नसता. विधानसभेत रावपुऱ्याने 1990 ते 2007 अशा पाचही वेळा योगेश पटेलांना पाठवले, मग राजेंद्र त्रिवेदी, 2022 ला बाळकृष्ण शुक्ल. गंमत अशी की मराठी आडनावाच्या सीमा मोहिले 2017 मध्ये आमदार झाल्या त्या अकोट्यातून. वाडे विकून कितीतरी कुटुंबे नदीपलीकडे अकोट्याकडे किंवा दक्षिणेला मांजलपूरला फ्लॅटात गेली आहेत. जुन्या पेठेत पाट्या दिसतात, माणसे नसतात.

महानगरपालिका बसते खंडेराव मार्केटच्या देखण्या इमारतीत. सयाजीरावांच्या कारकिर्दीच्या 25 वर्षांची ती आठवण. 2015 आणि 2021 ला 19 प्रभाग, प्रत्येकी चार जागा, अशी रचना होती. 2021 मध्ये 76 पैकी 69 भाजपला, 7 काँग्रेसला. एका मतदाराला चार मते, म्हणून पक्ष चौघांची मोट बांधतात आणि त्यात जातीची, पेठेची, भाषेची बेरीज होते. ज्या वस्तीने स्वतःला कधी मोजले नाही, तिला इतरजण मोजतात. गणपतीच्या दिवसांत ही मोजणी मांडवात उघड दिसते. प्रत्येक नेता आरतीला हजर. एरवी गटाराची तक्रार मराठीत केली काय नि गुजरातीत केली काय, गटार तेच राहते.

एक गोष्ट सांगायची राहिली. 1996 च्या त्या उन्हाळ्यात माझे लग्न होते. दांडिया बाजाराहून मावशीकडची नऊ मतदार माणसे आठवडाभर आमच्याकडे येऊन राहिली, आणि मतदान नेमके त्याच दिवसांत होऊन गेले. निकाल लागल्यावर काकांनी बोटांवर हिशेब केला. सतरातून नऊ गेले, आठ उरले. “चला, आपल्यामुळे कोणी पडले नाही,” म्हणाले. नऊ मते कोणाला पडली असती, हे मी विचारले तेव्हा त्यांनी पानाचा डबा उघडला आणि मावशी चहा टाकायला आत गेली.