साडेअकरा पौंडांचा मागोवा

भंडाऱ्यातून लंडन किंवा मेलबर्नच्या विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्या अनुसूचित जातीच्या मुलाचा प्रवास तहसील कार्यालयात सुरू होतो. तिथून उत्पन्नाचा दाखला आणायचा, समितीकडून जातवैधता प्रमाणपत्र मिळवायचं, समाजकल्याणचा अर्ज भरायचा आणि दोन जामीनदार शोधायचे. यातल्या जामीनदारापाशी मी नेहमी थांबतो. सरकारच्या पैशानं परदेशी शिकणाऱ्याला आधी कागदावर बांधून घ्यायचं, ही रीत शंभरेक वर्षांची आहे. तिचा माग काढत गेलं की ४ जून १९१३ चा एक करार भेटतो.

भीमराव आंबेडकरांनी तो बडोदा संस्थानाशी केला. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना त्यांना सयाजीराव गायकवाडांकडून महिन्याला २५ रुपये मिळत. महाराजांशी त्यांची गाठ घालून दिली होती कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी. बी.ए. झाल्यावर ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत, फेब्रुवारी १९१३ मध्ये, वडील गेले. त्यानंतर काही महिन्यांत ही संधी आली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षं शिकायचं, महिन्याला साडेअकरा पौंड मिळतील, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची चाकरी करायची. त्यांनी सही केली.

त्या साडेअकरा पौंडांतून काय निघालं? प्राचीन भारतातल्या व्यापारावर एम.ए.चा प्रबंध, मे १९१६ मध्ये भारतातल्या जातींवर वाचलेला निबंध आणि पुढे ज्यावर कोलंबियानं पीएच.डी. दिली ते भारताच्या सार्वजनिक वित्तावरचं लेखन. यातला प्रत्येक विषय भारताचा होता, हे पुढच्या एका गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवं. कोलंबियानंतर लंडनमध्ये सुरू केलेला अभ्यास मात्र अर्धा राहिला. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि करारानुसार बडोद्याला परतावं लागलं. तिथं महाराजांचे लष्करी सचिव असूनही अस्पृश्य म्हणून त्यांना गावात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत ओळख लपवून राहिले, तर लाठ्या घेऊन माणसं दारात उभी राहिली. दहा वर्षांची चाकरी काही दिवसांतच सुटली.

राजाच्या मर्जीवर चालणाऱ्या मदतीला किती मर्यादा असते, ते इथं दिसतं. सयाजीरावांचं मन मोठं होतं, यात मला शंका नाही. पण ते मन त्यांच्याच शहरातल्या एका घराचं दार उघडू शकलं नाही. १९२० मध्ये आंबेडकर पुन्हा लंडनला गेले ते स्वतःची बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेलं कर्ज यांच्या बळावर. परतले तेव्हा हातात बॅरिस्टरी होती, आणि डी.एस्सी.ही लवकरच मिळाली.

त्यानंतर त्यांनी जे केलं, त्यात मला या मागोव्याचं खरं वळण दिसतं. एका मुलाला राजानं जे दिलं, ते अनेकांना सरकारकडून हक्कानं मिळावं, यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं कागद लिहिले. अस्पृश्य आणि आदिवासींच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या मुंबई इलाख्याच्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. १९३० च्या तिच्या अहवालात परदेशी अभियांत्रिकी शिकण्यासाठी शिष्यवृत्तीची शिफारस आहे. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगोंना अस्पृश्यांच्या तक्रारींचं सविस्तर निवेदन दिलं. त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी, तसंच परदेशी शिक्षणासाठी सरकारी रकमेची मागणी होती. १९४४-४५ पासून केंद्रानं अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या सुरू केल्या. आज गावोगावची मुलं ज्या शिष्यवृत्तीवर कॉलेज करतात, तिचं मूळ हेच. काही विद्यार्थी त्या काळात सरकारी खर्चानं परदेशीही गेले.

आणि मग १९५४ साल आणि आपला भंडारा. जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. गोंदिया वेगळा व्हायला अजून ४५ वर्षं होती. लोकसभेच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब राखीव जागेवर उभे राहिले. वय ६३, तब्येत खालावलेली, वैशाखाचं ऊन. प्रचारात त्यांनी नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर कडाडून टीका केली. धान पिकवणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या माणसांपुढे ते जगाच्या राजकारणाबद्दल बोलले, कारण त्या माणसांना ते समजेल याची त्यांना खात्री असावी. दोन जागांच्या त्या मतदारसंघात सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले, राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. बाबासाहेब आठ हजारांहून अधिक मतांनी हरले. लोकसभेची ती त्यांची शेवटची निवडणूक.

त्याच आर्थिक वर्षात, १९५४-५५ मध्ये, केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती सुरू झाली. या दोन घटनांचा थेट संबंध मी जोडत नाही. पण ज्या माणसाला भंडाऱ्यानं नाकारलं, त्याची मागणी त्याच वर्षी देशाच्या अंदाजपत्रकात जाऊन बसली, हे भंडारेकर म्हणून मला विसरता येत नाही.

पुढची वंशावळ थोडक्यात सांगता येते. महाराष्ट्रानं २००३ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं स्वतःची परदेशी शिष्यवृत्ती काढली. आज वर्षाला ७५ विद्यार्थी त्यातून जातात. निवड पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयातून होते. शिक्षणशुल्क, निर्वाह आणि विमानभाडं सरकार देतं. आदिवासी आणि इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठीही योजना आल्या. २०२३ मध्ये सारथी या राज्य सरकारच्या संस्थेनं मराठा समाजातल्या मुलांसाठी अशीच योजना आणली, तिला नाव दिलं महाराजा सयाजीराव गायकवाड. १९१३ आणि १९२० मधले दोन्ही दाते आता शासननिर्णयांच्या शीर्षकांत आहेत.

केंद्राच्या योजनेत २०२१-२२ पासून १२५ जागा झाल्या, हे चांगलंच झालं. पण २०२२ च्या नियमावलीत एक कलम घातलं गेलं: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन या विषयांना शिष्यवृत्ती नाही. यासाठी परदेशी जायची गरज नाही, असं कारण दिलं गेलं. मला हे कलम सोसवत नाही. कोलंबियातले आंबेडकरांचे विषय या कलमापुढे ठेवून पाहा. जातींवरच्या निबंधाला शिष्यवृत्ती मिळाली नसती, प्राचीन व्यापारावरच्या प्रबंधालाही नाही. आपल्या समाजाकडे दुरून, दुसऱ्या ग्रंथालयात बसून पाहता येणं, हाच तर त्या साडेअकरा पौंडांचा सगळ्यात मोठा लाभ होता.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि ती भंडाऱ्यात फार टोचते. बरीच परदेशी विद्यापीठं सप्टेंबरच्या सुमारास उघडतात. प्रवेश टिकवायला अनामत भरावी लागते, व्हिसासाठी बँकेत रक्कम दाखवावी लागते, आणि हे सगळं पावसाळ्याच्या सुरुवातीला. लाखांदूर, पवनी, साकोलीत तेव्हा धानाचे पऱ्हे टाकलेले असतात, रोवणीची मजुरी द्यायची असते. घरातला पैसा चिखलात गेलेला असतो, आणि धान हाती येतो दिवाळीच्या आसपास. निवड यादीला दोन महिने उशीर झाला तर पुण्या-मुंबईतलं नोकरदार घर उसनंपासनं करून तो काळ काढतं. इथल्या घराला तेवढ्यासाठी शेत गहाण टाकावं लागतं, नाहीतर मुलीला विद्यापीठाला कळवावं लागतं की यंदा येत नाही. यादी रोवणीच्या आधी लागायला हवी.