फिल्म रेंजफाइंडरला ग्रिप घ्यायचीय? आधी कॅमेरा उलटा करून बघा

इन्स्टाग्रामवर जुने लायका, कॅनोनेट, याशिका सध्या पुन्हा दिसतात. फोटोत देखणे असलेले हे कॅमेरे हातात घेतले की मात्र निसटतील असं वाटतं. डीएसएलआरला उजव्या हातासाठी जो फुगवटा असतो, तो यांना नाही. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून नाही, वेगळ्या खिडकीतून बघतो. आत आरसा नसल्याने कॅमेरा पातळ आणि सपाट राहतो. म्हणून लोक वरून ग्रिप लावतात.

निवडताना बहुतेकांचं लक्ष लाकूड की धातू यावर असतं. खरा प्रश्न कॅमेऱ्याच्या तळाचा आहे. ग्रिप सहसा ट्रायपॉडच्या भोकात स्क्रूने बसते, आणि फिल्म कॅमेऱ्यात तळाला बरंच काही असतं. १९५४ च्या लायका एम३ पासून एम६ पर्यंत फिल्म भरायला तळाची पट्टी पूर्ण काढावी लागते. ती उघडायची किल्ली पट्टीच्या एका टोकाला असते. ग्रिपने ती झाकली, तर दर ३६ फोटोंनंतर आधी ग्रिप सोडवायची, मग तळ काढायचा, मग फिल्म भरायची. मिरवणूक तोवर पुढच्या चौकात गेलेली असते.

कॅनोनेट क्यूएल१७ किंवा याशिका इलेक्ट्रो ३५ मध्ये फिल्म मागचं दार उघडून भरतात. पण फिल्म परत गुंडाळण्याआधी जे बटण दाबायचं, ते तळालाच आहे. याशिकाची बॅटरीही तिथेच. ही ठिकाणं मोकळी सोडणारी ग्रिप घ्या.

स्क्रूचं मापही तपासा. सध्याचं सर्वसाधारण माप १/४ इंच आहे, पण सुरुवातीच्या काही एम३ ना ३/८ इंचाचं भोक आहे. ग्रिपलाच पट्टा अडकवून कॅमेरा लटकवणार असाल तर सगळा भार त्या एका स्क्रूवर येतो. तो सैल होतो, त्यामुळे मी तरी असं करणार नाही.

अंगठ्याची ग्रिप हा दुसरा प्रकार. ती वर, फ्लॅशच्या खाचेत सरकवतात. डिजिटल कॅमेऱ्यावर ती छानच, पण फिल्म कॅमेऱ्यात अंगठ्याशेजारीच फिल्म पुढे ढकलायचा लिव्हर असतो. तो अडकत नाही ना, ते बघा. अनेक जण लिव्हर जरासा बाहेर ओढून त्यावरच अंगठा टेकवतात, तेही फुकटात! शिवाय २१ मिमी लेन्ससाठी वेगळा व्ह्यूफाइंडर लागत असेल तर तो त्याच खाचेत बसतो. मग अंगठ्याच्या ग्रिपला जागा उरत नाही.

ग्रिप खरंच हवी का, हे लेन्सवर ठरतं. २०२२ मध्ये पुन्हा आलेला एम६ सुमारे ५७५ ग्रॅमचा आहे. त्यावर छोटी ३५ मिमी लेन्स असेल तर मनगटाचा पट्टा पुरतो. पण ५० मिमी एफ/०.९५ नॉक्टिलक्स एकटीच ७०० ग्रॅम भरते. तिथे बोटांना आधार हवाच.

ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याकडे तुमच्याच मॉडेलवर बसवलेल्या ग्रिपचा, खालून काढलेला फोटो मागा.