नदीचं मूळ आणि गेंड्याचं कूळ

युगांडात २००९ साली एक गेंडा जन्मला आणि त्याचं नाव ओबामा ठेवलं गेलं. नावामागचा हिशेब चोख होता. बाप केनियाचा, आई अमेरिकेची. आईचं नाव नंदी, आणि ती आली होती फ्लोरिडातून, डिस्नेच्या 'ॲनिमल किंगडम'मधून. मिकी माऊसच्या शेजारची गेंडीण आफ्रिकेत सासरी आली, एवढीच गोष्ट असती तर चहाच्या टेबलावर सांगून संपली असती. पण नंदीचं माहेर शोधता शोधता मी भलत्याच ठिकाणी पोहोचलो. नदीचं मूळ नि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. इथे दोन्ही शोधावी लागली.

ओबामा जन्मला ते झिवाचं अभयारण्य कंपालाहून गुलूकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गाडीनं तीनेक तासांवर आहे. मर्चिसन धबधब्याकडे निघालेले प्रवासी वाटेत तिथं थांबतात, तिकीट काढतात आणि वनरक्षकामागे एका ओळीत गवतात शिरतात. गेंडा बघून तास-दोन तासांत परत. आपल्याकडे काझीरंगात जीपच्या दांडीला धरून नाहीतर हत्तीच्या पाठीवरून गेंडा बघायचा, खाली पाय टेकवायचा नाही. तिथं मात्र गाडी मागे सोडायची आणि दोन टनांच्या जनावरापासून तीसेक मीटरवर, हातात काहीही नसताना, उभं राहायचं. ही तऱ्हा पहिल्यांदा कुणाला सुचली असेल?

युगांडाचं आधीचं सांगायचं तर एक ओळ पुरे. बंदुकांच्या नि बंडांच्या काळात १९८३ पर्यंत तिथला शेवटचा गेंडा संपला. मग २००५ साली केनियातल्या सोलिओ रँचमधून चार आणि २००६ साली फ्लोरिडातून दोन गेंडे आणून नव्यानं सुरुवात झाली. आज तिथली संख्या चाळिशीपार आहे.

आता ओबामाचं कूळ. हे सगळे दक्षिणी पांढरे गेंडे. (रंगानं ते पांढरे नाहीत, मातकटच. 'रुंद' अर्थाच्या डच शब्दाचा अपभ्रंश होऊन 'पांढरा' झाला, ही गोष्ट प्रत्येक गाइड सांगतो. तिला पुरावा मात्र कुणी दाखवलेला नाही.) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या जातीचे शंभराच्या आतच गेंडे उरले होते, तेही एकाच जागी: दक्षिण आफ्रिकेत, झुलूंच्या मुलखात, पांढरी उमफोलोझी आणि काळी उमफोलोझी या दोन नद्यांच्या बेचक्यात. १८९५ साली ती जागा राखीव झाली. आज जगात कुठेही दक्षिणी पांढरा गेंडा दिसला, मग तो डिस्नेत असो, सॅन डिएगोत असो की सोलिओत, त्याचे पूर्वज त्या बेचक्यातलेच. म्हणजे ओबामाचे केनिया आणि अमेरिका हे नुसते मधले थांबे. बाप नि आई, दोघांचंही गाव उमफोलोझी.

हे गेंडे जगभर पोहोचवण्यात ज्याचा मोठा वाटा, तो माणूस इयन प्लेयर. गोल्फवाल्या गॅरी प्लेयरचा थोरला भाऊ. १९५३ साली त्यानं विमानातून मोजणी केली तेव्हा ४३७ पांढरे गेंडे भरले. पुढे संख्या वाढली, आणि सगळी अंडी एका टोपलीत नकोत म्हणून १९६१ पासून त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी गेंडे बाहेर पाठवायला सुरुवात केली. 'ऑपरेशन ऱ्हायनो' म्हणतात ते हेच. घोड्यावरून पाठलाग करायचा, गुंगीच्या औषधाचा डार्ट मारायचा, जनावर आडवं होईपर्यंत मागं राहायचं, नि मग पेटी. क्रूगर, ऱ्होडेशिया (आजचं झिम्बाब्वे), युरोप, अमेरिका, सगळीकडे पेट्या गेल्या.

मला चकवून गेली ती पुढची गोष्ट. त्याच बेचक्यात, त्याच माणसानं, १९५९ साली लोकांना पायी जंगलात नेणारी पहिली 'वाइल्डरनेस ट्रेल' काढली. गाडी नाही, रस्ता नाही, पाच-सहा माणसं एका ओळीत, पुढे वाटाड्या, तोंड बंद. म्हणजे गेंडा आणि गेंड्याजवळ पायी जायची रीत, दोन्ही एकाच गावातून, एकाच माणसाच्या हातून, दोन वर्षांच्या अंतरानं निघाली. झिवात तिकीट काढणारा प्रवासी एकाच तिकिटात उमफोलोझीच्या दोन वस्तू विकत घेतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

यावर लोक तीन हरकती घेतात. पहिली शिकारीची. पायी माग काढणं तर शिकारी युगानुयुगं करत आले, प्लेयरनं नवं काय केलं? हरकत अर्धी खरी. उमफोलोझीचा तो बेचका झुलू राजा शाकाची शिकारीची राखीव भूमी होता, आणि प्लेयरला जंगल शिकवलं मॅगकुबू न्तोम्बेला या झुलू वनरक्षकानं. न्तोम्बेलाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण जमीन वाचता येत होती. गेंड्याचा ठसा तीन बोटांचा. शेण नुसतं गवताचं असेल तर पांढरा गेंडा. त्यात तिरकस कापल्यासारख्या काटक्या असतील तर काळा, झुडपं खाणारा, नि मग चाल सावध हवी. चिमूटभर माती सोडून वारा कुठला ते बघायचं, कारण गेंड्याला दिसतं कमी, पण वास आणि चाहूल यांत तो कुणाला हार जात नाही. ही विद्या शिकाऱ्याचीच, कबूल. पण शिकाऱ्याची वाट बंदुकीच्या आवाजाशी संपते. तीसेक मीटरवर थांबायचं, बघायचं आणि आल्या पावली परत फिरायचं, हा शेवट शिकाऱ्यानं लिहिलेला नाही.

दुसरी हरकत जास्त अवघड. युगांडा म्हणजे गोरिलांचा देश. ब्विंडीच्या जंगलात १९९३ पासून लोक पायी गोरिला बघायला जातात. आठ जणांचा गट, एक तास, ठरलेलं अंतर. झिवानं हेच उचललं असणार, उमफोलोझीपर्यंत जायची गरजच काय, असं कुणी म्हणालं तर त्याचं तोंड सहज बंद करता येत नाही. तिकिटाची चौकट, गटाचा आकार, घड्याळाचा धाक हे सगळं गोरिलांकडून आलं, असं मीही मानतो. पण गोरिलाला माणसाची सवय लावावी लागते, त्यात वर्षं जातात. पांढऱ्या गेंड्याला तशी शाळा लागत नाही. तो उघड्यावर चरतो, कळपानं राहतो आणि बिथरवला नाही तर स्वभावानं थंड. झिम्बाब्वेत बुलावायोजवळच्या मटोबो टेकड्यांत लोक सकाळी निघून पायी गेंडे बघतात आणि दुपारी परततात. तिथं गोरिला कुठून आले? तिथं आहेत ते १९६० च्या दशकात नाताळ प्रांतातून, म्हणजे उमफोलोझीच्याच मुलखातून, पेट्यांतून आलेले पांढरे गेंडे. माझं म्हणणं त्यामुळेच ठाम आहे: ही रीत त्या जनावराबरोबर प्रवास करत गेली.

तिसरी हरकत नेपाळची, आणि तिच्यात मराठी वाचकाला जास्त रस असेल, कारण ते जनावर आपल्या ओळखीचं आहे, एकशिंगी. चितवनमध्ये आजही गाइड बांबूची काठी घेऊन लोकांना पायी नेतात. गेंडा धावून आला तर झाडावर चढा, नाहीतर नागमोडी पळा, असं निघण्याआधीच बजावतात. तिथं १९६१ साली 'गैंडा गस्ती' नावाचं सशस्त्र पथक उभं राहिलं आणि १९७३ साली राष्ट्रीय उद्यान झालं. ही शाखा स्वतंत्र आहे. तिला उमफोलोझीचं रक्त चिकटवण्याचा मोह मी आवरतो, कारण चितवनमधलं पायी चालणं तराईच्या गावकऱ्यांचं रोजचंच आहे. ते कुणी शिकवावं लागलं नाही. नामिबियाच्या दमारालँडमध्येही लोक पायी गेंडा बघतात, पण तो काळा, वाळवंटातला, आणि त्याची गोष्ट वेगळी.

तरी एक फट राहते, आणि टीकाकार नेमकं तिथंच बोट ठेवतात. प्लेयरच्या ट्रेलमध्ये गेंडा दिसेलच असं वचन नव्हतं. लोक चार-पाच दिवस चालत, उघड्यावर झोपत, रात्री पाळीपाळीनं शेकोटीपाशी जागत. झिवात गेंडा दिसतोच. वचन आणि वेळापत्रक मध्येच कुठून शिरलं? माझं उत्तर: शिंगचोरांमुळे. १९७० नंतर शिंगासाठी इतकी कत्तल झाली की गेंड्यामागे माणूस ठेवण्याशिवाय गत्यंतर उरलं नाही. झिवात आजही रक्षक दिवसरात्र गेंड्यांच्या मागावर असतात. कोण कुठे बसलंय, काय खाल्लं, कुणाशी भांडलं याच्या नोंदी ठेवतात. पर्यटकाला घेऊन निघालेला वनरक्षक वॉकीटॉकीवर आधी त्यांनाच विचारतो. माग काढायचं काम पहाटेच झालेलं असतं, आपण चालतो ते शेवटचे काही मीटर. शिंगचोर नसते तर चोवीस तासांचा पहारा नसता, आणि पहारा नसता तर अर्ध्या दिवसाची सहल निघाली नसती. ऐकायला कडू आहे, पण प्लेयरच्या ट्रेलपासून झिवाच्या तिकिटापर्यंतचा दुवा मला यापेक्षा सरळ दिसत नाही.

एक खरी वादाची बाब सांगायलाच हवी. युगांडाचा मूळचा पांढरा गेंडा उत्तरी पोटजातीचा. झिवातले दक्षिणी म्हणजे तसे पाहुणेच. काही अभ्यासक याला नाकं मुरडतात. पण उत्तरी पोटजातीचा शेवटचा नर, सुदान, २०१८ च्या मार्चमध्ये केनियात वारला, आणि मागे नाजिन व फातू या मायलेकी एवढ्याच उरल्या. मूळ भाडेकरू परतण्याची वाट बघत घर रिकामं ठेवण्यात मला शहाणपण दिसत नाही. आणि खुद्द उमफोलोझीचे हाल बघा. २०२३ साली ह्लुह्लुवे-इमफोलोझी या तिथल्या आजच्या उद्यानात शिंगचोरांनी तीनशेहून जास्त गेंडे मारले. ज्या गावानं जगाला गेंडे दिले, तिथं आता शिंगं आधीच कापून टाकावी लागतायत.

न्तोम्बेला १९९३ साली गेले, प्लेयर २०१४ साली. त्यांची ट्रेल अजून चालू आहे, पण तिला दिवस लागतात. हाताशी अर्धाच दिवस असेल तर झिवा गाठा. पूर्ण बंद बूट, मळखाऊ रंगाचे कपडे, पाण्याची बाटली. अत्तर लावू नका, वाऱ्याची बाजू बघायला वनरक्षकाला सांगा. आणि तिकीट काढण्याआधी पिवळ्या तापाची लस घ्या. ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि तिचा दाखला नसेल तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.