प्रवरेची वाटचाल : भंडारदरा ते घाटघर

रतनगडावर उगम पावणारी प्रवरा कोकणाकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते. नगर जिल्ह्याच्या इतिहासात या एका गोष्टीइतके मोल फार थोड्या गोष्टींना आहे. घाटघरला लोक जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात; तिथून पूर्वेला संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडे उतरावे तसा पाऊस विरत जातो. घाटमाथ्यावरचा हा पाऊस अडवायचा कुठे, तो शेताला द्यायचा की विजेला, या प्रश्नाभोवती इथल्या पाटबंधारे खात्याची शंभर वर्षे गेली आहेत.

सुरुवात दुष्काळातून झाली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी दख्खन पिळून निघाले, त्यानंतर देशात सिंचन आयोग नेमला गेला आणि मोठ्या धरणांचा विचार पक्का होत गेला. प्रवरेवरच्या भंडारदरा धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १० डिसेंबर १९२६ रोजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. दगडी भिंत, उंची २७० फूट, साठा ११,०३९ दशलक्ष घनफूट. धरणाला गव्हर्नरांचे नाव मिळाले आणि मागचा जलाशय आर्थर लेक झाला. आज त्या जलाशयाला, धरण ज्या अकोले तालुक्यात आहे त्यातल्याच देवगावच्या क्रांतिकारक राघोजी भांगरे यांचे नाव आहे, आणि ते योग्यच झाले. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्या डोंगरी मुलखाचा निदान एक माणूस तरी त्या पाण्यावर नावाने उभा राहिला.

त्याच काळात सह्याद्रीच्या याच रांगेवर दक्षिणेला टाटा कंपनी नेमके उलटे काम करत होती. पूर्वेला जाणारे पाणी अडवून ते बोगद्यांतून आणि नळांतून कोकणात सोडायचे आणि खोपोली, भिवपुरी, भिरा इथे वीज करून मुंबईच्या गिरण्या चालवायच्या. मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला तो याच योजनेविरुद्ध आणि त्याचे नेतृत्व पारनेरच्या सेनापती बापटांनी केले. भंडारदऱ्यालाही कोकणकडा हाकेच्या अंतरावर होता, तरी हे पाणी पूर्वेलाच राहिले. नगर जिल्ह्याच्या दृष्टीने तो निर्णय मला धरणाच्या उंचीपेक्षा मोठा वाटतो.

त्याचे फळ प्रवरेवरच्याच, कालव्यांना पाणी देणाऱ्या ओझरच्या बंधाऱ्याखाली दिसले. डाव्या-उजव्या कालव्यांवर ऊस उभा राहिला, पाटकरी, चारी आणि आवर्तन हे शब्द घराघरात गेले. १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तो या पाण्यामुळेच.

मग १९६९ साल उजाडले. पावसाळ्याच्या अखेरीस भंडारदऱ्याच्या भिंतीला तडे गेल्याचे आणि मोठी गळती होत असल्याचे लक्षात आले. खाली संगमनेरपर्यंत वस्ती भरलेली. जुन्या दगडी धरणांच्या आराखड्यांत भिंतीत आणि पायात शिरून वर रेटणाऱ्या पाण्याच्या दाबाचा हिशेब बहुधा धरलेला नसे, आणि धरण जसजसे म्हातारे होते तसतशी ती उणीव महाग पडते. इंजिनिअरांनी आधी पोलादी तारांनी भिंत खालच्या खडकाशी आवळून घेतली, नंतर पाठीमागून आधारभिंती बांधल्या. ज्या कोणी हे काम केले त्यांची नावे या परिसरात फारशी कुणाला ठाऊक नाहीत. माझ्या मते धरण बांधणाऱ्यांइतकाच त्यांचा मान आहे.

भंडारदऱ्याला वीज आली ती उद्घाटनानंतर साठ वर्षांनी. १९८६ मध्ये धरणाजवळ १२ मेगावॅटचा संच सुरू झाला, पुढे रंधा धबधब्याखाली कोदणीला ३४ मेगावॅटचा. इथे विजेने शेतीचे पाणी मागून घेतले नाही. शेतीसाठी कालव्याचे आवर्तन सुटते तेव्हा तेच पाणी आधी टर्बाइन फिरवते आणि मग कालव्याकडे जाते.

घाटघरच्या वीजप्रकल्पाचा विचार याहून वेगळा. प्रवरेच्या खोऱ्यात वरचा जलाशय, चारशे मीटर खाली शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याजवळ दुसरा आणि मध्ये जमिनीच्या पोटात वीजगृह. मागणी वाढली की पाणी कोकणात सोडायचे आणि १२५ मेगावॅटचे दोन संच चालवायचे. मागणी उतरली की शिल्लक विजेने तेच पाणी पुन्हा घाटावर चढवायचे. चढवायला लागणारी वीज मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्तच असते, पण संध्याकाळी हवी त्या घटकेला वीज मिळणे ही तिची खरी किंमत. जपानच्या कर्जातून उभा राहिलेला हा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. पाणी एकदाचे पश्चिमेला उतरले, तेही परत येण्याच्या बोलीवर.

या सगळ्यात प्रवरेवरचेच, भंडारदऱ्याच्या खालचे निळवंडे धरण मागे पडले, आणि ते विसरता येत नाही. १९७० मध्ये पुढे आलेल्या या धरणाच्या डाव्या कालव्याचे पाणी २६ ऑक्टोबर २०२३ रोजी औपचारिकपणे सुटले. १८२ गावांच्या दोन पिढ्या वाट पाहत राहिल्या. धरणग्रस्तांनी मात्र इथे आधी पुनर्वसन, मग धरण असा आग्रह धरला. भंडारदऱ्याच्या काळात ज्यांना कुणी विचारले नव्हते, त्यांच्याच मुलखातून तो आवाज उठला. अकोल्यातल्या उंचावरच्या शेतांसाठी उच्चस्तरीय कालव्यांची मागणीही त्यांचीच.

आता कोकणात वाहून जाणारे पाणी उचलून गोदावरी खोऱ्यात आणण्याच्या योजना सरकारच्या टेबलावर आहेत. त्या पाण्याला घाट चढवायला वीज लागेल, आणि तिचा रोजचा खर्च किती येतो हे सांगणारी माणसे घाटघरच्या वीजगृहात आजही कामावर आहेत.