काळ्या कथेचं अर्नाळकर घराणं

विरारच्या पश्चिमेला अर्नाळा. समोर समुद्रात किल्ला. 1737 साली मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला, आणि दोन वर्षांनी वसईही पडली. पण या गावाचं नाव मराठी घरांत पोचलं ते रहस्यकथांच्या मुखपृष्ठांवरून.

चंद्रकांत सखाराम चव्हाण (1906-1996) यांनी लेखनासाठी ‘बाबूराव अर्नाळकर’ हे नाव घेतलं आणि हजारावर पुस्तकं लिहिली. धनंजय-छोटू, झुंजार, काळापहाड हे त्यांचे नायक! वाचनालयातून आणलेलं पुस्तक रातोरात संपवायचं आणि सकाळी दुसऱ्यासाठी रांगेत उभं राहायचं, अशी कित्येकांची वाचनाची सुरुवात झाली. अभ्यासकांनी या वाचकघडणीची कदर फार उशिरा केली, याची खंत वाटते.

1940 च्या दशकात पॅरिसमध्ये गुन्हेकथांतल्या अंधाराला नाव मिळत होतं. 1945 साली मार्सेल द्युआमेल यांनी गुन्हेकथांची ‘सेरी न्वार’, म्हणजे काळी माला, सुरू केली. युद्धामुळे अडलेले हॉलिवूडपट 1946 मध्ये तिथे एकदम झळकले, तेव्हा समीक्षक नीनो फ्रांक यांनी त्यांना ‘फिल्म न्वार’ म्हटलं. त्यांतल्या ‘डबल इन्डेम्निटी’त विमा विकणारा माणूस ग्राहकाच्या बायकोच्या नादी लागून तिच्या नवऱ्याचा खून करतो. शेवटी दोघं एकमेकांवरच गोळ्या झाडतात.

अर्नाळकरांच्या जगात असं होत नाही. तिथे रात्र कितीही काळी असली, तरी गुन्हेगार सापडतो आणि वाचक निर्धास्त झोपतो. मराठीत विश्वासघाताचा संशय थेट संसारात शिरला तो 1964 च्या ‘पाठलाग’ या चित्रपटात. ‘लाखाची गोष्ट’ दिग्दर्शित करणाऱ्या राजा परांजपे यांनीच जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून तो काढला. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या भूमिका होत्या. गदिमांचं गाणं आणि दत्ता डावजेकरांची चाल त्यात गेलेल्या बायकोच्या सावलीसारखी पुनःपुन्हा येते.

तमिळमध्ये तीच कथा ‘इदय कमलम’ (1965) झाली. हिंदीत राज खोसला यांनी साधना आणि सुनील दत्त यांना घेऊन ‘मेरा साया’ (1966) केला, तोही उदयपूरच्या महालांत. मुळातली ती घटका मात्र कुठेच सुटली नाही: ज्या बायकोला नवऱ्याने स्वतःच्या हातांनी अग्नी दिला, तिचाच चेहरा घेऊन एक आरोपी बाई त्याच्यासमोर उभी राहते आणि दोघांच्या खोलीतल्या गोष्टी सांगू लागते.